ॲनी मूरच्या घरच्यांचं पुढे काय झालं?

मृद्गंध

एलिस आयलंडवर उतरलेली पहिली स्थलांतरित म्हणून ॲनी मूरचं नाव इथल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. न्यूयॉर्क बंदरातल्या या बेटावर स्थलांतरितांची तपासणी व्हायची. १ जानेवारी १८९२ ला ते केंद्र सुरू झालं आणि रांगेत सगळ्यात पुढे होती आयर्लंडमधल्या कॉर्कची ही सतरा वर्षांची मुलगी. सोबत अँथनी आणि फिलिप हे धाकटे भाऊ. तिघंही 'नेवाडा' बोटीतून आले, स्टीअरेजमधून, म्हणजे बोटीच्या पोटातल्या सगळ्यात स्वस्त वर्गातून. आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरातून २० डिसेंबरला निघाले ते ३१ ला न्यूयॉर्क बंदरात पोचले. नाताळ समुद्रावरच गेला. आईवडील १८८८ मध्येच पुढे जाऊन मॅनहॅटनच्या मन्रो स्ट्रीटवर राहत होते. कर्नल वेबर या अधिकाऱ्याने ॲनीला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं, पेपरात बातमी आली. त्या दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता असंही पेपरवाल्यांनी छापलं. तो नव्हता.

सगळीकडे गोष्ट इथेच थांबते. पुढचं सांगायचं तर बरीच वर्षं असं सांगत की ॲनी टेक्सासला गेली, तिथे लग्न केलं आणि १९२३ मध्ये गाडीखाली सापडून वारली. २००६ मध्ये वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेनयाक यांनी दाखवून दिलं की टेक्सासची ॲनी मूर वेगळीच बाई होती. तिचा जन्मच मुळी अमेरिकेतला, इलिनॉयचा.

खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठेच गेली नाही. लोअर ईस्ट साइडच्या त्याच गल्ल्यांमध्ये तिचं आयुष्य गेलं. १८९५ मध्ये जोसेफ शायर नावाच्या, जर्मन आईबापांच्या मुलाशी लग्न केलं. तो फुल्टन मासळी बाजारात कामाला होता. दहा-अकरा मुलं झाली, त्यातली जेमतेम निम्मी मोठी झाली. १९२४ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने ती गेली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी कबरस्तानात तिला पुरलं, कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

माझं मत स्पष्ट आहे. हीच गोष्ट सांगायला हवी, आणि एकट्या मुलीची नाही, सगळ्या घराची. आधी गेलेल्या आईबापांची, तीन वर्षं मागे राहिलेल्या पोरांची, गेलेल्या बाळांची. तुम्हाला काय वाटतं? आणि कुणाच्या सासरी, शेजारी, ओळखीत अशी जुनी युरोपियन घराणी असतील तर त्यांचे अनुभवही लिहा.

तात्या_वाईकर

वाचतोय. सतरा वर्षांच्या पोरीने दोन भावांना घेऊन बारा दिवस समुद्रावर काढायचे! आमच्याकडे बारावीच्या पोराला एकटं पुण्याला पाठवताना घरात दोन दिवस चूल पेटत नाही.

खडूफळा

मृद्गंध, लेख आवडला पण मत पटलं नाही. पुतळा उभारलाय तो बोटीतून उतरणाऱ्या मुलीचा. तिच्या पुढच्या संसाराचा नाही. त्या क्षणी ती जे होती ते खरंच होती: तरुण, घाबरलेली, आशेने आलेली. टेक्सासची पुस्ती चुकीची निघाली तर काढून टाका, पण दारिद्र्याची दुसरी पुस्ती जोडलीच पाहिजे असा आग्रह का? मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना एक चेहरा लक्षात राहतो, त्यावरून ती पुढचं शोधतात. चेहऱ्यावरच सगळं ओझं टाकलं तर ती शोधायला जातच नाहीत.

मृद्गंध

खडूफळा सर, चुकीच्या गोष्टीने नुकसान झालं ते खऱ्या माणसांचं. समारंभांना टेक्सासच्या बाईचे वंशज पाहुणे म्हणून जायचे. त्यात त्यांचा दोष काहीच नाही, त्यांनाही ते खरंच वाटत होतं. पण ॲनीची खरी नातवंडं-पतवंडं त्याच शहरात होती आणि त्यांना कुणी विचारलं नाही. कबरही तशीच राहिली.

आणि टेक्सासची गोष्ट लोकांनी इतकी वर्षं का धरून ठेवली, याचाही विचार करा. पश्चिमेकडे जाणारी, मोकळ्या रानात संसार मांडणारी ॲनी ऐकायला बरी वाटते. चाळीत राहून मुलं गमावणारी नाही वाटत. म्हणून तर तीच सांगायची.

बॉस्टनची_बाय

माझं सासर आयरिश. सासूबाईंचे आजोबा केरी परगण्यातून आले. मूर कुटुंबासारखंच: आधी मोठी बहीण आली, तिने पैसे साठवून पुढच्याचं तिकीट पाठवलं, त्याने त्याच्या पुढच्याचं. पाच भावंडं अशी एकेक करून आली. आईबाप तिकडेच राहिले आणि पुन्हा भेट झाली नाही.

सासूबाईंकडून ऐकलेली एक गोष्ट मनातून जात नाही. पोरगं अमेरिकेला निघायच्या आदल्या रात्री गावात 'अमेरिकन वेक' करत. वेक म्हणजे माणूस गेल्यावर प्रेताशेजारी रात्र जागवतात ते. इथे माणूस जिवंत, उद्या निघणार, पण परत दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत. म्हणून शेजारीपाजारी जमायचे, फिडल वाजायचं, नाच व्हायचा, चहा आणि दारू दोन्ही चालायचं. पहाट झाली की म्हाताऱ्या बायका मयताला रडतात तसा गळा काढायच्या. मग गावच्या वेशीपर्यंत सगळे सोबत चालत जायचे.

सासूबाईंच्या आजोबांना त्या रात्रीचं बाकी काही आठवत नसे. आई नाचली एवढं आठवायचं. आई कधीच नाचायची नाही, त्या रात्री नाचली.

आयरिश लोकांत एकट्या येणाऱ्या तरुण मुली खूप होत्या, हेही सांगायला हवं. इटली किंवा पोलंडकडून आधी बहुतेक पुरुष यायचे. आयर्लंडमध्ये जमीन एका मुलाला जायची, हुंडा एखाद्या मुलीपुरताच जमायचा, उरलेल्या मुलींना तिकडे काही भवितव्यच नव्हतं. मग बॉस्टन-न्यूयॉर्कच्या घरांमधून स्वयंपाकीण किंवा मोलकरीण म्हणून राहायच्या. राहणं-खाणं मालकाकडे, त्यामुळे पगार साठायचा आणि तो गावाकडे जायचा. गावाकडची भाडी त्या पैशातून भरली गेली, धाकट्यांची तिकिटं त्यातूनच निघाली.

अबोली_९

बॉस्टनची_बाय, 'आई त्या रात्री नाचली' वाचून पुढचं वाचवेना.

मालवणीमसाला

नवरा मासळी बाजारात होता म्हणजे ॲनीच्या घरात ताज्या मासळीची ददात नसणार! तेव्हा शुक्रवारी कॅथलिक घरात मटण वर्ज्य, मासळी चालायची. बाईने सोयरीक विचार करून केली होती.

रानजाई_डॉ

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून त्या गेलेल्या मुलांबद्दल लिहिते. दहा-अकरापैकी निम्मी जाणं ही त्या गल्ल्यांमध्ये आक्रीत गोष्ट नव्हती. त्या इमारतींत आतल्या खोल्यांना खिडकी नसायची. पाणी-संडास बरेचदा अंगणात, सगळ्यांत मिळून. क्षय, घटसर्प, गोवर आणि उन्हाळ्यातले जुलाब. तान्ह्या बाळांना सगळ्यात जास्त मारलं ते या उन्हाळ्यातल्या जुलाबांनी, आणि त्यामागे असायचं दूध. लांबून येणारं, बर्फाशिवाय तापलेलं, भेसळीचं.

इथे दुसरं एक युरोपियन कुटुंब गोष्टीत येतं. बव्हेरियाच्या राजवटीतल्या ओटरबर्ग गावचे लाझारस स्ट्राउस १८५२ मध्ये अमेरिकेला आले, बायको-मुलं १८५४ मध्ये मागून आली. जॉर्जिया राज्यात फेरीवाला म्हणून सुरुवात, मग दुकान. पुढे मुलांनी न्यूयॉर्कचं मेसीज हे मोठं दुकान मिळवलं. त्यातल्या नेथन स्ट्राउसने १८९३ पासून लोअर ईस्ट साइडला पाश्चराइज केलेल्या दुधाची केंद्रं काढली. गरीब आयांना अगदी स्वस्तात, कधी फुकट, बाटलीबंद दूध. डॉक्टरांमध्येही तेव्हा पाश्चरायझेशनला विरोध होता. त्याने स्वतःच्या पैशाने केंद्रं चालवली आणि दूध नीट तापवून दिलं तर मुलं जगतात हे करून दाखवलं.

म्हणून खडूफळा सरांना माझं म्हणणं: मेलेली मुलं ही 'दारिद्र्याची पुस्ती' नाही. ती मुलं मेली म्हणूनच इमारतींचे कायदे बदलले, खिडक्या आल्या, दूध तपासलं जाऊ लागलं. न्यूयॉर्कचा १९०१ चा भाड्याच्या इमारतींचा कायदा त्यातूनच आला. आज आपण तिथे निर्धास्त राहतो त्याची किंमत या घरांनी दिली आहे.

खडूफळा

डॉक्टर, हे पटलं. वर्गात असंच सांगीन. पण तरी म्हणेन, चेहरा तोच ठेवावा.

शब्दवेल्हाळ

या निमित्ताने एक. एलिस आयलंडवरच्या कारकुनांनी लोकांची आडनावं वाट्टेल तशी बदलली असं म्हणतात. त्यांना उच्चार जमायचे नाहीत म्हणून लांबलचक पोलिश आडनावाचं एका फटक्यात स्मिथ! आपली आडनावं तेव्हा गेली असती तर सहस्रबुद्ध्यांचं काय झालं असतं?

दस्तऐवज

शब्दवेल्हाळ, हे सर्रास सांगितलं जातं पण तसं घडत नसे. एलिस आयलंडचे अधिकारी नावं लिहून घेतच नव्हते. प्रवाशांची यादी बोटीच्या कंपनीने युरोपातच, तिकीट देताना किंवा चढताना तयार केलेली असे. अधिकारी ती यादी समोर ठेवून पडताळणी करत. शिवाय तिथे दुभाषे होते, त्यातले बरेच स्वतः स्थलांतरित. आडनावं बदलली ती बहुतेक नंतर, लोकांनी स्वतः: मालकाला हाक मारता यावी म्हणून, शाळेत मुलांना चिडवू नये म्हणून, नागरिकत्वाचे कागद करताना.

कंपन्या याद्या नीट का ठेवत? कारण ज्याला परत पाठवलं त्याला फुकट परत न्यायची जबाबदारी कंपनीवर होती. म्हणून त्या चढतानाच पारखून घ्यायच्या. हॅम्बुर्गला तर कंपनीने स्थलांतरितांसाठी मोठी वसाहतच बांधली होती, तिथे आंघोळ, कपड्यांची धुरी, डॉक्टरची तपासणी हे सगळं बोटीत बसायच्या आधीच व्हायचं.

आणि पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना एलिस आयलंडला यावंच लागत नसे. त्यांची तपासणी केबिनमध्येच, उभ्या उभ्या. रांगा फक्त स्टीअरेजवाल्यांसाठी.

हिंडफिऱ्या

मी जाऊन आलोय. तिथली मोठी नोंदणीची खोली पाहिली तर उंच छत, मोठ्या खिडक्या, देखणी आहे. मात्र ॲनी त्या खोलीत आली नव्हती. तिच्या वेळची इमारत लाकडी होती, ती १५ जून १८९७ च्या रात्री जळाली. कुणी दगावलं नाही. आज दिसते ती १९०० मध्ये उघडलेली.

मला तिथे सगळ्यात जास्त जाणवला तो जिना. सामान खांद्यावर घेऊन लोक वर चढायचे आणि डॉक्टर वरून बघत उभे. धाप कुणाला लागते, कोण पाय ओढतंय, कोण भांबावलंय. काही सेकंदांत ठरायचं. शंका आली की कोटावर खडूने अक्षर. डोळ्यांसाठी ई, हृदयासाठी एच, लंगडण्यासाठी एल, मनाच्या आजाराची शंका असेल तर एक्स. खुपऱ्या बघायला पापणी उलटी करायचे, त्यासाठी बुटाची बटणं लावायचा आकडा वापरायचे. तो आकडा काचेमागे ठेवलाय. छोटासाच आहे. शेजारी उभी असलेली एक बाई तो बघून लेकीला म्हणाली, तुझ्या पणजीने याबद्दल सांगितलं होतं.

लहान मुलाला परत पाठवायचं ठरलं तर आईबापांपैकी एकाला सोबत परत जावं लागे. कोण जाणार, हे तिथेच ठरवायचं. परत पाठवलेले शेकडा दोनच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण १९०७ साली दहा लाखांवर माणसं तिथून गेली, १७ एप्रिलला तर एका दिवसात ११,७४७. त्यातले शेकडा दोन म्हणजे किती घरं, याचा हिशोब करा.

परतपावली

अजून एक बाजू. सगळे राहायलाच आले नव्हते. दक्षिण इटलीतून आलेल्यांपैकी जवळपास निम्मे परत गेले. रेल्वेचे रूळ, भुयारं, गवंडीकाम करायचं, चार पैसे जमले की गावी जाऊन जमिनीचा तुकडा घ्यायचा. काही जण दोन-तीनदा येऊन-जाऊन होते. आपण 'स्थलांतर' म्हणताना एकाच दिशेची बोट डोळ्यासमोर आणतो.

त्यात एक अडचण अशी होती की १८८५ च्या कायद्याने आधी नोकरी ठरवून यायला बंदी होती. 'काम मिळालंय का?' असं अधिकाऱ्याने विचारलं आणि भाबडेपणाने 'हो' म्हटलं की अडकला. 'नाही' म्हटलं आणि हातीपायी धड दिसला नाही, तर सरकारवर भार होईल म्हणून अडकला. कसं उत्तर द्यायचं याची बोटीवर उजळणी चालायची.

सह्यकडा

धागा चांगला चालला आहे, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ही सगळी कष्टाची गोष्ट मान्य. तरी त्यांच्यासाठी दार उघडं होतं. चिनी मजुरांसाठी ते १८८२ लाच बंद झालं होतं. भारतासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यासाठी १९१७ ला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. १९४६ ला दार किलकिलं झालं ते वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. इथे अमेरिकेत राहणारे जे आपण लिहितोय ते १९६५ च्या कायद्यामुळे. ॲनी मूर भारतात जन्मली असती तर?

मृद्गंध

सह्यकडा, खरं आहे, आणि ते याच धाग्यात यायला हवं होतं. फक्त एक: १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपचं दारही जवळजवळ लावून घेतलं. इटालियन, ज्यू, पोलिश, ग्रीक 'कमअस्सल' ठरले. आधी आलेल्या आयरिशांनाही 'नोकरीसाठी आयरिशांनी येऊ नये' असं ऐकावं लागलंच होतं.

आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा एलिस आयलंड नव्हतंच, कॅसल गार्डनचं केंद्र होतं. त्या अठरा वर्षांच्याच होत्या. ॲनीच्या आधी साडेआठ वर्षं, तेच बंदर.

अबोली_९

मृद्गंध, मला आईबाप पुढे आणि मुलं मागे, यावर लिहायचं आहे. आम्ही इकडे आलो तेव्हा व्हिसाच्या घोळात लेक मिरजेला आजीकडे राहिली, शाळेचं वर्ष संपेपर्यंत. रोज व्हिडिओवर दिसायची. तरी विमानतळावर आली तेव्हा आधी आजीच्या मागे लपली. मूर आईबापांनी पोरांना तीन वर्षं बघितलं नव्हतं. फिलिप तर तेव्हा अगदी लहान असेल. त्याने बंदरावर आईला ओळखलं असेल का? सोन्याच्या नाण्यापेक्षा मला हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

तात्या_वाईकर

अबोलीताई, नेमकं बोललात.

खडूफळा

मूळ प्रश्नाकडे येतो. घरच्यांचं पुढे काय झालं? ॲनीचं कळलं. दोन भावांचं?

मृद्गंध

अँथनी विशीतच ब्राँक्समध्ये वारला. त्याला काही काळ गरिबांच्या सरकारी दफनभूमीत पुरलं होतं. फिलिप जगला, आणि त्याच्यामुळेच खरी ॲनी सापडली. त्याच्या नागरिकत्वाचा कागद न्यूयॉर्कच्या अभिलेखागारात मिळाला, तिथून त्याचे वंशज, आणि त्यांच्याकडून बहिणीचं घर. ॲनीच्या वंशजांत आज आयरिश, ज्यू, इटालियन, स्कँडिनेव्हियन अशी सगळी आडनावं आहेत. त्याच गल्ल्यांत राहणाऱ्यांनी पुढे एकमेकांशी लग्नं केली.

२००८ मध्ये कॅल्व्हरीत तिच्या कबरीवर क्रूस बसवला. दगड आयर्लंडहून आणला होता. त्याच कबरीत तिची मुलंही आहेत.

खडूफळा

मग कॅल्व्हरीचा फोटो आणि पुतळ्याचा फोटो वर्गात शेजारी शेजारी लावतो. इतकं तर मान्य व्हावं तुम्हाला.

मृद्गंध

शंभर टक्के.

बॉस्टनची_बाय

दस्तऐवज, एक मदत हवी. सासूबाई आता ऐंशी पार आहेत. केरीतल्या घराचं नाव आणि आजोबांच्या आईचं माहेरचं नाव त्यांना हवं आहे. आयर्लंडमधले कागद इथे बसून मिळतील का? जुनी जनगणना जळाली असं ऐकलंय.

दस्तऐवज

बरीचशी गेली. १८२१ ते १८५१ ची १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागली त्यात, आणि पुढच्या काही सरकारनेच नष्ट केल्या. पण १९०१ आणि १९११ ची पूर्ण शाबूत आहे, आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट बघता येते. मूळ फॉर्मचं चित्रच दिसतं, बहुतेक कुटुंबप्रमुखाच्या हस्ताक्षरातलं. आजोबा निघून गेले तरी त्यांचे आईबाप १९०१ ला गावात असतील तर तिथे सापडतील.

आईचं माहेरचं नाव हवं तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या बघा. कॅथलिक चर्चच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाने साइटवर टाकल्या आहेत, त्याही फुकट. नोंद लॅटिनमध्ये असेल, अक्षर किचकट असेल, पण बापाच्या नावापुढे आईचं माहेरचं नाव लिहिलेलं असतं. गाव कुठल्या पॅरिशमध्ये येतं ते आधी सासूबाईंना विचारा. ते कळलं की मला व्यनि (खासगी निरोप) करा, आपण दोघं मिळून पानं चाळू.

बॉस्टनची_बाय

आत्ताच फोन केला. पॅरिशचं नाव त्यांना पाठ आहे! व्यनि केला आहे. बाप्तिस्म्याचं साल १८८० च्या पुढे-मागे धरून बघूया.